वाळूच्या कणाचं मूळ गाव

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, भर अटलांटिकच्या तळाशी साचतो तो मऊ गाळ: सूक्ष्म जीवांची कवचं आणि अगदी बारीक माती. वाऱ्याबरोबर धूळ तिथवर पोचते, भरड वाळू पोचत नाही. ती हिमनगातून येते. हिमनदी सरकताना खालचा खडक खरवडते, दगडवाळू पोटात घेते. तिचा कडा तुटून समुद्रात गेला की वितळता वितळता ते सगळं वाटेत सांडत जातो.

जर्मन संशोधक हार्टमुट हाइनरिख यांनी 1988 साली अशा वाळूचे थर मांडले. त्यांचे नमुने समुद्राखालच्या एका डोंगराच्या परिसरातले होते. त्या थरांवरून दिसलं की गेल्या सुमारे 60 हजार वर्षांत हिमनगांचे तांडे पुन्हा पुन्हा दक्षिणेकडे आले होते. आज या थरांना हाइनरिख यांचंच नाव आहे. पण हे हिमनग सुटले कुठून?

न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेत या प्रश्नावर फार मोलाचं काम झालं. तळातून काढलेलं गाळाचं लांब नळकांडं उभं चिरायचं, ठरावीक अंतरावर नमुना घ्यायचा, तो पाण्याने चाळणीवर धुवायचा. चिखल निघून जातो आणि चिमूटभर भरड कण उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात काचेसारखा क्वार्ट्‌झ दिसतो, लोहाने तांबूस झालेले दाणे दिसतात, आइसलँडच्या ज्वालामुखीची काच दिसते. तिथल्या जेरार्ड बाँड यांनी हे कण जातवार मोजले. हाइनरिख थरांत त्यांना चुनखडक आणि डोलोमाइटचे तुकडे सापडले. रोख असाच खडक असलेल्या, कॅनडातल्या हडसन सामुद्रधुनीकडे गेला.

खडकाची जात कळली तरी गाव पक्कं होत नाही. त्यासाठी वय लागतं. संशोधक सिडनी हेमिंग यांनी हॉर्नब्लेंड या गडद खनिजाचे दाणे निवडले. त्यातल्या पोटॅशियमचा काही अंश अतिशय सावकाश आरगॉन वायूत बदलत असतो. दाणे आधी अणुभट्टीत ठेवतात, मग एकेक दाणा लेझरने वितळवून त्यातला आरगॉन मोजतात आणि त्यावरून वय काढतात. एकेक दाणा, हे महत्त्वाचं. मूठभर दाणे एकत्र वितळवले, आणि त्यात काही 180 कोटी वर्षांचे तर काही 40 कोटींचे असले, तर मधलंच एक वय हाती येतं, आणि त्या वयाचा खडक कदाचित कुठेच नसतो. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हाइनरिख थरांतले बरेच दाणे 170 ते 190 कोटी वर्षांचे निघाले. हडसन परिसरातल्या प्राचीन खडकांशी ते जुळतं. पण दक्षिण ग्रीनलँड आणि स्कँडिनेव्हियातही जवळपास त्याच वयाचे खडक आहेत. म्हणून फेल्डस्पारमधल्या शिशाच्या समस्थानिकांची साक्षही काढावी लागते. बहुतेक थरांत सगळे पुरावे हडसनकडेच बोट दाखवतात. तिसऱ्या आणि सहाव्या थराबद्दल मात्र अजून वाद आहे. त्यांतली काही वाळू युरोपच्या बाजूची असू शकते.

दक्षिण महासागरातल्या अशा कणांचा अभ्यास गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातही झाला आहे. तिकडे काम आणखी अवघड. अंटार्क्टिकाचा बहुतेक खडक बर्फाखाली गाडलेला आहे, काही ठिकाणी तीन-चार किलोमीटर. दाण्याचं वय ताडून पाहायला वरचा खडकच मिळत नाही. तिथे उलटा प्रवास करावा लागतो: समुद्रात सापडलेल्या दाण्यांवरून बर्फाखालच्या, कोणीही न पाहिलेल्या खडकाचा नकाशा काढायचा.