नागद्वार यात्रा

नागद्वार यात्रा ही मध्य प्रदेशातील पचमढीजवळ, सातपुडा पर्वतरांगेत दरवर्षी भरणारी पदयात्रा आहे. नागपंचमीच्या आधीचे सुमारे दहा दिवस ती चालते. यात्रेचे स्थान मध्य प्रदेशात असले तरी यात्रेकरूंमध्ये विदर्भातील मराठी भाषकांचे प्रमाण मोठे असते. ऐन पावसाळ्यात घनदाट जंगल, उभे कडे व दुथडी वाहणारे नाले ओलांडत जावे लागत असल्याने ही मध्य भारतातील खडतर यात्रांपैकी एक मानली जाते.

स्थान व भूरचना

पचमढी हे नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर आहे. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड (सुमारे १,३५० मीटर) येथेच असून नागद्वारचा परिसर त्याच्या आसपासच्या दऱ्याखोऱ्यांत पसरला आहे. येथील पाणी देनवा नदीद्वारे तवा नदीत व पुढे नर्मदेत जाते.

हा प्रदेश गोंडवन खडकसमूहातील वालुकाश्माचा बनला आहे. नागपूर जिल्ह्यातील उमरेडच्या कोळसा खाणी ज्या खडकसमूहात आहेत, त्याच समूहाच्या अधिक नव्या थरांत पचमढीचा वालुकाश्म मोडतो. या खडकात उभ्या भेगा असतात. पाणी त्यांत शिरून खडक झिजवते आणि अरुंद घळी, गुहा व ताठ कडे तयार होतात. यात्रेतील बहुतेक पूजास्थाने अशाच गुहांत किंवा कपारींत आहेत.

काळ

यात्रेची सांगता नागपंचमीला, म्हणजे श्रावण शुद्ध पंचमीला होते. उत्तर भारतातील पौर्णिमान्त पंचांगानुसार संपूर्ण यात्रा श्रावणात येते. महाराष्ट्रातील अमान्त पंचांगानुसार मात्र ती आषाढ वद्य पक्षात सुरू होते व दीप अमावास्या ओलांडून श्रावणात संपते. हा काळ साधारणपणे जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा मध्य असा असून पचमढीत सर्वाधिक पाऊस याच दोन महिन्यांत पडतो.

मार्ग

यात्रेकरू पचमढीहून जीपसारख्या वाहनांनी जंगलाच्या तोंडापर्यंत जातात व तेथून पायी निघतात. काजरी हे वाटेवरील परिचित गाव आहे. लोककथेनुसार काजरी नावाच्या स्त्रीने अपत्यप्राप्तीसाठी नागदेवाला काजळ घालण्याचा नवस केला होता. नवस फेडताना देवाचे उग्र रूप पाहून तिने प्राण सोडला, अशी कथा सांगितली जाते.

पद्मशेष हे मुख्य स्थान एका लांबट गुहेत आहे. त्याशिवाय चिंतामणी, चित्रशाळा, स्वर्गद्वार, पश्चिमद्वार, नंदीगड, निशाणगड आदी स्थानांचे दर्शन घेतले जाते. सात पहाड ओलांडल्यावर यात्रा पूर्ण होते, अशी समजूत आहे. सर्व स्थाने पाहून परतण्यास साधारण दोन दिवस लागतात. उभ्या चढावांवर लोखंडी शिड्या लावलेल्या असतात.

विदर्भाशी संबंध

ब्रिटिश काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, तर पचमढी ही उन्हाळी राजधानी. महाशिवरात्रीला चौरागडावरील महादेवाला त्रिशूळ वाहण्यासाठीही विदर्भातून मोठ्या संख्येने भाविक पचमढीला जातात. नागद्वार ही त्याच श्रद्धेची पावसाळी बाजू होय.

नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा या मार्गाने पचमढी सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. जिल्ह्याच्या आग्नेय भागातील उमरेड, भिवापूर, कुही या तालुक्यांतून निघणाऱ्यांना आधी नागपूर गाठावे लागते. विदर्भातील सेवा मंडळे यात्राकाळात पचमढीत व जंगलातील मुक्कामांवर मोफत भोजन व निवाऱ्याची सोय करतात. पावसाने वाट अडली की अनेकांची रात्र अशाच निवाऱ्यांत जाते.

पाऊस व वादळ

बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिम-वायव्य दिशेने मध्य भारतावरून सरकतात. बाष्पयुक्त वारे सातपुड्याच्या चढावर उचलले जाऊन थंड होतात व पाऊस वाढतो. म्हणूनच पचमढीचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे २,००० मिलिमीटर आहे, तर नागपूरचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. सपाट प्रदेशातील पावसाच्या अंदाजाने येथे निघणाऱ्याची फसगत होते, ती यामुळेच.

उघड्या खडकावर पाणी फारसे मुरत नाही. त्यामुळे वरच्या अंगाला झालेला पाऊस थोड्याच वेळात अरुंद घळीत पूर होऊन उतरतो. खाली आभाळ कोरडे असतानाही नाला चढू शकतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या व पालापाचोळा वाहत येणे आणि आवाज वाढणे ही पुराची पूर्वचिन्हे होत. डोंगरी नाले जसे लवकर चढतात तसे पाऊस थांबल्यावर लवकर उतरतातही. म्हणून काठावर थांबणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय ठरतो. गुडघ्याच्या वर वेगाने वाहणारे पाणी धडधाकट माणसालाही पाडू शकते.

विजेचा धोका शिखरांवर व उघड्या कड्यांवर अधिक असतो. वीज दिसणे व गडगडाट ऐकू येणे यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत असते. अशा वेळी एकट्या झाडाखाली उभे राहू नये, लोखंडी शिड्या व कठड्यांपासून दूर व्हावे, घोळक्यातील माणसांनी एकमेकांत अंतर ठेवावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे, असा संकेत आहे. उथळ कपारीच्या तोंडाशी बसणेही धोक्याचे असते, कारण विजेचा प्रवाह ओल्या खडकावरून पसरतो.

तिसरा धोका थंडीचा. सुती कपडे भिजल्यावर अंगातील उष्णता झपाट्याने जाते. वाऱ्यात तासन्‌तास चालणाऱ्याला पावसाळ्यातही हुडहुडी, अडखळते बोलणे व गोंधळलेपणा जाणवू शकतो. अशा व्यक्तीला आडोशाला नेऊन कोरडे कपडे व गरम पेय देणे आवश्यक असते. मद्य दिल्यास शरीराची उष्णता अधिकच जाते.

वनक्षेत्र व पर्यावरण

यात्रामार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जातो. एरवी बंद असलेली ही वाट केवळ यात्राकाळात भाविकांसाठी खुली केली जाते. पचमढी जीवावरण क्षेत्राची घोषणा १९९९ मध्ये झाली व २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात त्याचा समावेश झाला.

थोड्या दिवसांत मोठा जनसमुदाय जंगलात शिरत असल्याने प्लास्टिक, उरलेले अन्न व मानवी विष्ठा हे प्रश्न उभे राहतात. त्यांचा पावसाशी थेट संबंध आहे. वाटेवर टाकलेला कचरा नाल्यांतून वाहत पुढच्या मुक्कामाच्या पिण्याच्या पाण्यात मिसळतो. त्यामुळे पाणी उकळून पिणे आणि कचरा सोबत परत आणणे, हे वनरक्षणाइतकेच यात्रेकरूंच्या आरोग्यासाठीही महत्त्वाचे ठरते.