व्हिंडोलांडा येथील हायपोकॉस्टचे अवशेष

व्हिंडोलांडा हे उत्तर इंग्लंडमधील रोमन सरहद्दीवरचे लष्करी ठाणे होय. इ.स. ८५ च्या सुमारापासून येथे एकामागून एक किल्ले बांधले गेले. इ.स. १२२ मध्ये सुरू झालेली हेड्रियनची भिंत येथून उत्तरेस सुमारे दीड किलोमीटरवर आहे. किल्ल्याच्या आश्रयाने तटाबाहेर व्यापारी, कारागीर व सैनिकांची कुटुंबे यांची पेठ वसली. तटाबाहेर सापडलेल्या स्नानगृहांत जमीन खालून तापवण्याच्या व्यवस्थेचे, म्हणजे हायपोकॉस्टचे, अवशेष आहेत.

रचना

भट्टी खोलीच्या बाहेरील अंगास असे. तिच्यातील उष्ण वायू जमिनीखालच्या पोकळीतून फिरून भिंतींत बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळ्यांतून वर जात. जमीन आखूड खांबांवर तोललेली असे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने या खांबांची उंची दोन फूट सांगितली आहे. पोकळीचा तळ भट्टीकडे उतरता असावा, इतका की आत टाकलेला चेंडू घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत यावा, अशी त्याने दिलेली खूण आहे. अशा तळामुळे ज्वाळा सहज आत पसरतात. व्हिट्रुव्हियसचे खांब विटांचे आहेत; सरहद्दीवर मात्र पुष्कळदा दगडी खांब वापरलेले दिसतात. भट्टीलगतची खोली सर्वांत उष्ण, त्यापुढची कोमट आणि शेवटची थंड असे.

सातारा-सांगलीकडील जुन्या न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबाची येथे आठवण होणे साहजिक आहे. परंतु बंबात विस्तव मधल्या नळीत असतो व तापते ते पाणी. हायपोकॉस्टमध्ये प्रामुख्याने खोलीच तापते.

ऊब कोणासाठी?

रोमन सैनिक उबदार जमिनीवर राहत असत, हा समज बरोबर नाही. जवळच्या हाउसस्टेड्स किल्ल्यात अशी तापवलेली खोली सेनाधिकाऱ्याच्या निवासात आढळते. साध्या सैनिकांच्या बराकींत शेगडीवरच भागवावे लागे. म्हणूनच स्नानगृहाचे महत्त्व मोठे होते, कारण तेथील ऊब सामान्य सैनिकालाही मिळे. ते तटाबाहेर बांधण्यामागे आगीची धास्ती हे एक कारण मानले जाते.

इ.स. १९७३ पासून व्हिंडोलांडा येथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांतील एकीवर २५ एप्रिलची कामवाटणी आहे. कार्यशाळांत ३४३ माणसे असल्याची नोंद असून त्यांपैकी १२ चांभारकामावर आणि १८ गवंडी स्नानगृहाच्या कामावर आहेत.