स्टडचे आटे गेले, तेव्हा



आपल्या शाळेच्या कार्यशाळेत मोटारसायकलचे एक जुने शंभर सीसीचे इंजिन आहे. एका माजी विद्यार्थ्याने दिलेले. नववीची मुले ते दरवर्षी खोलतात, भागांची नावे लिहून घेतात आणि परत जोडतात. यंदा जोडताना हेडचा चौथा नट काही आवळेना. पाना फिरतोय, नट फिरतोय, पण घट्ट व्हायचे नाव नाही. शेवटी स्टड हाताने ओढला, तर तो सरळ वर आला. त्याच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियमचा कीस दोऱ्यासारखा गुंडाळलेला होता. क्रँककेसमधले आटे गेले होते.

"आता भंगारात द्या" असे पहिले मत पडले. नवी क्रँककेस आणण्याइतके हे इंजिन मोलाचे नाही, हे खरेच. पण मग पुढच्या नववीने काय खोलायचे? म्हणून दुरुस्तीचे ठरवले. ती कशी केली हे सविस्तर लिहीत आहोत, कारण निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी पालकांच्या फवारणी पंपापासून घरच्या दुचाकीपर्यंत हा बिघाड कुठेही होतो.

आधी आटे का जातात ते पाहू. पुष्कळांना वाटते की इंजिनातल्या स्फोटाच्या दणक्याने जातात. हिशेब करून पाहा. सिलिंडरचा व्यास ५० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंमी. स्फोटाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोचा दाब धरला, तर हेडवर सुमारे ७८५ किलोचा जोर येतो. तो चार स्टडांत वाटला की प्रत्येकी दोनशे किलोही पुरते होत नाहीत. आता पान्याचा हिशेब. आमचा स्टड एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीचा. तो सुमारे २ किलो-मीटर टॉर्कने आवळला की त्यावर बाराशे किलोच्या आसपास ताण बसतो. म्हणजे स्फोटापेक्षा कितीतरी जास्त ताण आपण पान्यानेच देतो, आणि तो द्यावाच लागतो; नाहीतर हेड उचलेल आणि गास्केटमधून वायू निसटेल.

गोची होते ती पान्याला पाइप लावला की. २० सेंमी लांबीच्या पान्यावर १० किलोचा जोर दिला तर २ किलो-मीटर होतात. त्यालाच पाइप घालून लांबी ६० सेंमी केली, तर त्याच हाताने त्याच जोरात ६ किलो-मीटर! दहावीच्या मुलांनी बलाचे आघूर्ण आठवावे. स्टडवरचा ताण तिप्पट होतो. मग एकतर स्टड ताणून तुटतो, नाहीतर ॲल्युमिनियम हार खाते. बहुधा ॲल्युमिनियमच, कारण ते पोलादापेक्षा मऊ. शिवाय सगळे आटे सारखा भार उचलत नाहीत. तोंडाजवळचा पहिला आटा एकटाच जवळजवळ एक-तृतीयांश भार घेतो. तो गेला की दुसऱ्यावर येतो, मग तिसऱ्यावर.

इंजिन गरम असताना नट आवळणे हेही एक कारण. १०० अंश तापमान वाढले की १०० मिमी ॲल्युमिनियम सुमारे ०.२३ मिमी वाढते, पोलाद मात्र ०.१२ मिमीच. त्यामुळे गरम इंजिनात स्टड आधीच ताणलेले असतात. हेड नेहमी थंड झाल्यावरच आवळावे.

पाइप कोणी लावला? दोन दिवसांनी एक मुलगा स्वतः येऊन सांगून गेला. पण पाइप टेबलावर कोणी ठेवला होता? आम्हीच. नट सोडवायला म्हणून काढलेला पाइप आवळायच्या वेळी उचलून ठेवायला हवा होता. तेव्हा ही चूक त्या मुलाच्या नावावर लिहू नये, असे वर्गात सर्वांसमोर सांगितले आहे.

आता दुरुस्ती. स्टडला तांब्याची तार गुंडाळून ठोकणे किंवा भोकात इपॉक्सी भरणे हे उपाय सर्रास केले जातात. ते महिनाभर टिकतील, पण उष्णतेपुढे त्यांचा भरवसा नाही. भोकाच्या तळाशी न वापरलेले आटे शिल्लक असतील तर लांब स्टड घालून काम भागते. आमच्याकडे ते नव्हते. लेथवर खालचे टोक जाड ठेवून 'स्टेप स्टड' बनवता येतो. हा चांगला उपाय आहे, पण भोवती धातू पुरेसा हवा. आम्ही तारेची कॉइल बसवली. स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी-तिरकस तारेची ही स्प्रिंग बाहेरून ॲल्युमिनियमच्या नव्या, मोठ्या आट्यांत बसते आणि आतून पुन्हा मूळ मापाचे आटे देते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. दुरुस्त केलेले भोक मूळ भोकापेक्षा मजबूत होते, कारण ॲल्युमिनियमला आता जास्त व्यासावर पकड मिळते.

एम ८ च्या कॉइलसाठी ८.३ ते ८.४ मिमीचे ड्रिल लागते आणि कॉइलच्या मापाचा खास टॅप लागतो. नेहमीचा एम ८ टॅप चालत नाही. खरी अडचण भोक सरळ पाडण्याची. हातात ड्रिल धरले की ते हमखास तिरके जाते, स्टड वाकडा उभा राहतो आणि सिलिंडर त्यावर उतरत नाही. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या एका पालकांनी यावर सुरेख तोड काढली. त्यांनी लोखंडाची जाड पट्टी करून दिली. तिची तीन भोके उरलेल्या तीन स्टडांवर बसतात आणि चौथ्यात बुश घालता येते, एक ड्रिलसाठी, दुसरी टॅपसाठी. शेजारच्या तीन स्टडांनीच चौथ्याला सरळ रेषा दाखवली म्हणा ना! याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले आणि त्यातूनच पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवण्यापर्यंत मजल मारली. १९१० मध्ये ते कुंडलच्या माळावर गेले. पण अडलेल्या कामासाठी हत्यार आपणच बनवायचे ही सवय इथल्या उद्यमबागेत अजून दिसते.

ड्रिल करण्यापूर्वी क्रँककेसचे तोंड आणि साखळीची वाट स्वच्छ फडक्याने बंद केली. ड्रिलला किती खोल जायचे त्याची खूण चिकटपट्टीने केली. टॅपच्या खाचांत ग्रीस भरले म्हणजे कीस त्यातच चिकटतो. टॅपला रॉकेलचे थेंब देत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे आटे पाडले. मग भोक हवेने साफ करून कॉइल फिरवत आत नेली. तिचा वरचा वेढा पृष्ठभागाच्या अर्धा ते एक आटा खाली राहिला पाहिजे, वर डोकावता कामा नये. शेवटी खालची आडवी शेपटी पंचाने तोडून चिमट्याने बाहेर काढली. ती आत राहिली असती तर सगळी मेहनत पाण्यात.

स्टड घालताना दोन नट एकमेकांवर आवळून वरच्याने फिरवला आणि तळाला टेकताच थांबलो. हेडचे नट समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तीन टप्प्यांत आवळले. टॉर्क रेंच उद्यमबागेतून एका दिवसासाठी मागून आणला होता. शाळेचा स्वतःचा एक असावा, अशी विनंती विश्वस्त मंडळाला लेखी केली आहे.

शनिवारी इंजिन तिसऱ्या किकला सुरू झाले. दहा मिनिटांनी बंद करून पूर्ण थंड होऊ दिले आणि चारही नट पुन्हा तपासले. चौथा जागचा हलला नव्हता. पट्टी आणि दोन्ही बुश कार्यशाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. पालकांपैकी कोणाला हव्या असल्यास नेता येतील. मात्र आधी आपल्या इंजिनाच्या स्टडची जाडी आणि स्टडांमधले अंतर व्हर्नियरने मोजून आणावे.