घर मिळाले, कपडे कुठे ठेवायचे?

यवतमाळ : बदलीचे सामान घेऊन आलेला ट्रक रिकामा होतो. स्वयंपाकघर त्याच संध्याकाळी लागते, कारण चहा हवाच असतो. देव्हाऱ्याला कोपरा मिळतो, पलंग जोडला जातो. उरतात ती कपड्यांची बोचकी. जुन्या चादरींत बांधलेली ही गाठोडी कित्येक दिवस भिंतीशी तशीच बसून राहतात. ऑफिसचा शर्ट शोधण्यासाठी रोज एखादे सोडले जाते आणि अखेरीस खुर्चीच्या पाठीचेच कपाट होते. दारव्हा रोड, आर्णी रोड, वडगाव, लोहारा अशा भागांत भाड्याचा फ्लॅट घेणारे शिक्षक, बँक कर्मचारी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी यांच्या हे चित्र चांगलेच ओळखीचे आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर सारे असते. भिंतीत एकही कपाट नसते.

हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. लग्नातला शालू, थंडीची लोकर, लेकराची झबली-दुपटी यांत घराचा पैसा आणि माया दोन्ही गुंतलेली असतात. चुकीच्या भिंतीला लागून एक पावसाळा काढला, की त्यांवर बुरशीचे ठिपके उमटतात आणि ते बहुधा कायमचे राहतात.

भिंत बारीक झाली

जुन्या वऱ्हाडी घरात कपाट वेगळे नव्हते. भिंत हेच कपाट होते. मातीच्या किंवा विटांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीत कोनाडा निघे, फडताळ बसे. या जिल्ह्यातील जंगलात साग मुबलक. त्यामुळे ऐपतीच्या घरांत फडताळाला सागवानी दारे असत. रोजच्या कपड्यांसाठी खुंट्या आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बांधलेली वळणी, ठेवणीतल्या कपड्यांसाठी लोखंडी पेटी, अशी ती व्यवस्था होती. कापूस वेचून घरात आला, की भावाची वाट पाहत तो खोलीतच साठवला जाई. आजही अनेक शेतकऱ्यांकडे हेच घडते. अशा वेळी माणसांनी अंग चोरायचे आणि कपड्यांनी वळणीवर चढायचे, हा रिवाज.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत वजन खांब आणि तुळया पेलतात. त्यामुळे आतली भिंत साडेचार इंचांवर आली. तिच्यात फडताळ मावत नाही. कपाट भिंतीतून बाहेर पडले आणि खोलीत उभे राहिले. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाट बाजारात आणले. पुढे ते घरोघरी इतके रुजले, की कोणत्याही कंपनीच्या लोखंडी कपाटाला लोक ‘गोदरेज’ म्हणू लागले. मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या कुटुंबाला हे धूड अरुंद जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर चढवणे परवडत नाही. मग काहीतरी जुळवून घेणे आलेच.

खिळा ठोकण्यापूर्वी

पहिला मोह भिंतीला खिळे ठोकण्याचा होतो. साडेचार इंची भिंतीत साधा खिळा दोन-चार शर्ट सांभाळतो, अधिक नाही. एक सुती साडी साधारण अर्धा किलोची धरली, तर २५ साड्यांचे वजन साडेबारा किलो होते. हा भार गिलाव्यासकट खिळा ओढून काढू शकतो. भिंत हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची असेल, तर साधा खिळा मुळीच धरत नाही. तेथे ड्रिलने छिद्र पाडून योग्य प्लग आणि स्क्रू लावावा लागतो.

घर भाड्याचे असेल तर प्रश्न घरमालकाचाही असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हा करार होतानाच किती छिद्रे पाडता येतील आणि घर सोडताना ती कोणी बुजवायची, याचे एक वाक्य त्यात घालून घ्यावे. तोंडी परवानगी अनामत परत घेताना बहुधा कोणालाच आठवत नाही.

भिंतीला हात न लावता

सर्वांत सोपा उपाय नळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. पाऊण इंची जीआय पाइपचे तुकडे कापून, त्यांना आटे पाडून, एल्बो आणि टी जोडले की कपड्यांची घोडी तयार होते. उंची साडेपाच फूट, लांबी चार फुटांपर्यंत ठेवावी. घोडी कलंडू नये म्हणून खालचे आडवे पाय किमान दीड-दोन फूट रुंद हवेत. त्यांवर लोखंडी पेटी ठेवली, तर घोडी अधिक पक्की बसते. पाइपला ऑइल पेंट द्यावा. नाहीतर गंज आणि जस्ताचे डाग कपड्यांवर उतरतात. घर बदलताना हीच घोडी सुटी करून गठ्ठा बांधता येतो.

घड्या घालून ठेवायच्या कपड्यांसाठी कार्यालयांत असतो तसा छिद्रांच्या अँगलचा रॅक उपयोगी पडतो. त्याच्या फळ्या हव्या त्या उंचीवर सरकवता येतात. पुढे जुन्या सुती साडीचा पडदा लावला, की धूळ अडते आणि हवा खेळती राहते. घरात लहान मूल असेल तर रॅक खिडकीच्या गजांना तारेने घट्ट बांधावा. चढायला पायऱ्या दिसल्या, की मूल चढतेच. जड कपडे खाली आणि हलके वर, हा नियमही त्यासाठीच.

हँगरला लावलेल्या कपड्यांसाठी सुमारे दोन फूट खोली लागते. पण खांब भिंतीच्या पुढे आल्यामुळे कोपऱ्यात तयार होणारा खाचा अनेकदा चार-पाच इंचांचाच असतो. तेथे आडवी दांडी बसवून उपयोग नाही. एकाखाली एक आकडे असलेली उभी पट्टी मात्र तेथे बसते. दाराच्या मागची जागाही अशीच वापरता येते. रजया आणि स्वेटर वर्षातून काही आठवडेच लागतात. ते माळ्यावर किंवा पेटीदार दिवाणात जावेत. बाजारात मिळणारी कापडी फोल्डिंग कपाटे स्वस्त असतात. पण त्यांचे प्लास्टिकचे सांधे ओझ्याने लवकर दगा देतात. विद्यार्थ्यांच्या दहा-बारा कपड्यांना ती पुरतात, संसाराला नाही.

कूलर, पाऊस आणि भिंत

जागा ठरवताना यवतमाळचे हवामान विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर घरघरतात. पावसाळ्यातच ओल येते, ही समजूत अपुरी आहे. खिडकीतल्या कूलरचा ओलसर झोत दोन-अडीच महिने रोज कपड्यांवर बसला, तर दमटपणा तेव्हाच सुरू होतो. वर जूनपासून पाऊस. हवेतील आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशीला पोषक वातावरण मिळते. म्हणून घोडी किंवा रॅक कूलरच्या झोतात ठेवू नये.

पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तापते आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊसही तिच्यावरच आपटतो. कपड्यांसाठी आतली भिंत निवडावी आणि तिच्यापासूनही दोन-तीन इंचांचे अंतर सोडावे. तळमजल्यावर काळ्या मातीतील ओल भिंतीतून वर चढते. तेथे पेटीखाली विटा ठेवाव्यात. भरजरी साडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आतला दमटपणा बाहेर पडत नाही आणि जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या धोतराच्या तुकड्यात ती गुंडाळावी आणि काही महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या रेघेवर घालावी.

डांबरगोळ्यांचा धोका

कसर लोकर आणि रेशीम कुरतडते. खळ दिलेले सुती कपडेही किडीला आवडतात. त्यामुळे ठेवणीतले कपडे खळ धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवण्याची रीत आजही अनेक घरांत आहे.

डांबरगोळ्यांबाबत मात्र सावध राहावे. त्यांतील नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरते. थोरल्याची झबली-दुपटी डांबरगोळ्यांत जपून धाकट्याला घालणे, हा प्रेमाचा प्रकार धोक्याचा ठरू शकतो. ज्या बाळांत जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ व रक्तक्षय होऊ शकतो. कमतरता आहे की नाही, हे तपासणीशिवाय कळत नाही. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत.

पाऊस उघडल्यावर, दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा, आपल्या आज्या कपड्यांना ऊन दाखवीत. पेट्या उघडून सुती कपडे अंगणात आणि रेशमी कपडे सावलीत पसरले जात. फ्लॅटला अंगण नाही. पण गच्ची आहे, गॅलरी आहे आणि ऑक्टोबरचे कडक ऊन तर फुकटच आहे. कपाट पाइपचे असो, अँगलचे की पेटीचे, वर्षातला हा एक दिवस पाळला तर त्यातले कपडे पुढच्या बदलीपर्यंत, आणि त्यानंतरच्याही, नीट राहतील.