सायकल, रंगांची पेटी आणि दोन तास

बचत गटाच्या या कार्यक्रमात आज हप्ता, हजेरी आणि इतिवृत्त बाजूला ठेवून आम्ही फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहोत. म्हणजे कर्जाचा विषय मध्ये येईलच, तो काही आम्हाला सुटत नाही. पण मुख्य विषय फिरण्याचा, आणि फिरता फिरता चित्र काढण्याचा.

आमच्या गटात एक ताई आहेत. वय चव्वेचाळीस, घरी ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, सकाळी त्या सायकलवर निघतात. वाईच्या घाटावर नाहीतर मेणवलीला जातात, बसून एक चित्र काढतात आणि परत येतात. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर गल्लीत जितकी चर्चा झाली, तितकी कुणाच्या नव्या घरावर झाली नसेल. ‘काय काम होतं?’ हा प्रश्न आपल्याला बाहेर पडताना आणि घरात शिरताना दोन्ही वेळा विचारला जातो. दळण, दवाखाना, देऊळ, बँक, मुलाची शाळा यांपैकी एक उत्तर दिलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. ‘चित्र काढायला गेले होते’ या उत्तराने होत नाही.

म्हणून हा प्रकार नेमका असतो कसा, त्याला लागतं काय, खर्च किती आणि वेळ कुठून काढायचा, हे आज नीट सांगतो. बऱ्याच जणींनी विचारलंय.

आधी सायकल. वाई ते मेणवली साधारण तीन किलोमीटर. पायी चालत गेलं तर पाऊण तास लागतो आणि पोचेपर्यंत ऊन चढतं. स्कूटीवर पाच-सात मिनिटांत पोचतो, पण वाटेतलं काही दिसत नाही. सायकलवर रमतगमत वीस मिनिटं लागतात, आणि वाटेत हळदीचं रान दिसलं, बांधावर बगळे दिसले, तर एक पाय टेकवला की थांबता येतं. चित्र काढणाऱ्याला हा वेग बरोबर पडतो. पसरणी घाटाकडे मात्र आम्ही वळत नाही. तो चढ पाचगणीला जाणाऱ्या हौशी पोरांसाठी सोडलेला आहे.

नवीन शिकणारीने सीट इतकी खाली ठेवावी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील. तोल आला, की सीट वर घ्यायची. किती? पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी. सीट कायम खाली ठेवली तर गुडघे दुखतात आणि मग सायकलला नावं ठेवली जातात. चेन-कव्हर आणि मागच्या चाकाची जाळी असलेली लेडीज सायकलच घ्या. साडीचा काठ किंवा ओढणी चाकात जाण्याचा धोका फार मोठा असतो. ओढणी मागे गाठ मारून, साडी असेल तर पदर खोचून निघायचं. उतारावर मागचा ब्रेक आधी, मग दोन्ही मिळून हळूहळू. नुसता पुढचा करकचून दाबला तर माणूस पुढे फेकला जातो.

आणखी एक, आमच्या भागापुरतं. कारखाने चालू झाले की उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून आपण रस्त्यावर येतो, आणि दुसरी बाजूलाच असते. त्या दिवसांत ट्रॅक्टरचा आवाज आला की सायकलवरून उतरून कडेला उभं राहायचं. यात कमीपणा नाही.

सायकल शिकण्याचं वय गेलं असं कुणाला वाटत असेल, तर तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट ऐका. 1991 च्या सुमारास तिथे साक्षरता मोहीम चालू होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्या मोहिमेलाच सायकल शिकवणं जोडलं. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतावर मजुरी करणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेलं पुढे खूप वाचलं गेलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, म्हणजे पुष्कळ घरांत ती आहेच. मुलगी कॉलेजला गेल्यावर ती पडवीत गंजत उभी असते, आणि तिच्यावर आपण गोधड्या वाळत घालतो.

आता रंग. बाहेर जाऊन चित्र काढणं ही गोष्ट सोपी झाली ती एका लहानशा शोधामुळे. 1841 साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग भरायची धातूची ट्यूब तयार केली. त्याआधी तेलरंग घोटून जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत, ती फुटायची, रंग वाळायचा. ट्यूब आली आणि चित्रकार खोलीतून शेतात, नदीवर गेले. आपल्याला तेलरंगाचीही गरज नाही. ताई जलरंग वापरतात. शाळेच्या पोरांची बारा ट्यूबांची पेटी दीडशे-दोनशे रुपयांत मिळते आणि जपून वापरली तर बरेच महिने पुरते. दोन ब्रश, एक जाड एक बारीक. पाण्याला लोणच्याची रिकामी बरणी. ब्रश पुसायला शिलाईतली चिंधी, ती तर त्यांच्याकडे पोत्याने आहे.

पैसे खर्च करायचेच तर कागदावर करा, हे त्यांचं ठाम मत आहे आणि आम्हालाही ते पटतं. पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की पापडासारखा वर येतो. तीनशे जीएसएमचा जाड कागद तसा येत नाही. त्याचा एक मोठा ताव घेऊन आठ तुकडे करायचे. पुण्याला कुणी जाणार असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था आहे, 1940 सालापासून ती हातकागद करते. तिथला कागद खरखरीत असतो, दगडी घाट काढायला छान.

हे सगळं पिशवीत भरून कॅरिअरला बांधलं की झालं. बसायला घडीचं गोणपाट.

जागा कुठली निवडायची? वाईकरांना हे सांगायला नको, पण रेडिओ लांबवर ऐकला जातो म्हणून सांगतो. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, पुराचं पाणी आलं की ते दुभागून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. आपण लहानपणापासून त्या देवळात जातो, पण ती भिंत नीट बघितली ती ताईंच्या चित्रात. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आत भिंतींवर जुनी रंगीत चित्रं आहेत, आणि मागे कृष्णेवर अर्धचंद्राच्या आकाराचा घाट. तिथेच ती मोठी घंटा टांगलेली आहे, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली. ‘स्वदेस’ सिनेमा तिथे झाल्यापासून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून साडेसातच्या आत पोचावं. कृष्णाबाईच्या उत्सवाच्या दिवसांत मात्र वाईच्या घाटावर चित्राचं नाव काढू नये. तेव्हा जेवायला बसावं.

बसताना पाठ भिंतीला किंवा खांबाला लागेल अशी बसा. एक तर कंबर टिकते, आणि दुसरं म्हणजे मागे येऊन कुणी उभं राहू शकत नाही. रिकामटेकडे लोक सगळीकडे असतात. निघताना घरी किंवा गटातल्या कुणाला तरी ‘अमक्या ठिकाणी जाते, इतक्या वाजता येते’ असं सांगून निघायचं. लहान पोरं जमली तर त्यांना एक-एक कागदाचा तुकडा द्यायचा, ती गप्प बसतात. कागदावर थेट ऊन येऊ देऊ नका, पांढरा कागद डोळ्यांवर चमकतो आणि रंगाचा अंदाज चुकतो.

प्रत्यक्ष चित्राचं तंत्र आम्हाला ताईंनी सांगितलं तसं सांगतो. समोर सगळंच सुंदर दिसतं आणि सगळं कागदावर मावत नाही. म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड कार्डात काडेपेटीएवढी खिडकी कापायची आणि तिच्यातून बघायचं. त्यात येईल तेवढंच काढायचं. सावल्यांच्या कडा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलीने आखून घ्यायच्या, कारण तासाभरात ऊन सरकतं आणि मग अर्ध्या चित्रात सावली इकडे, अर्ध्यात तिकडे असा प्रकार होतो.

जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. कागद कोरा सोडायचा, तोच पांढरा. त्यामुळे काम फिकटाकडून गडदाकडे जातं. एकदा काळं झालेलं परत उजळत नाही. स्वयंपाकात मिठाचं असतं तसंच.

पेटीतला तयार हिरवा फासला की झाड प्लास्टिकचं दिसतं. निळा आणि पिवळा मिसळून त्यात विटकरी, ज्याला बर्न्ट सिएना म्हणतात, त्याचा एक थेंब टाकला की आपल्याकडचा हिरवा होतो. घाटाचा काळा दगडही काळ्या रंगाने काढायचा नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तोच विटकरी मिसळला की जो करडा येतो, तो दगडाचा. निळा जास्त घातला तर सावलीतली पायरी, विटकरी जास्त घातला तर उन्हातली. पाण्यातलं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली, उभं पडतं. गडद वस्तूचं प्रतिबिंब जराशी फिकी, आणि उजळ वस्तूचं जराशी गडद. हे एकदा समजलं की नदीकाठी बसून नुसतं बघत राहिलं तरी करमतं. आमच्यातल्या दोघी-तिघी तर तेवढ्यासाठीच जातात, ब्रश हातातसुद्धा घेत नाहीत.

आता तो कर्जाचा विषय. ताईंनी जुनी सायकल आणि कागद-रंगासाठी गटाकडे तीन हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘सायकल व चित्रकला, हौस’. सभेत शांतता पसरली. एकीने विचारलं, यातून उत्पन्न काय? दुसरी म्हणाली, कारण बदलून लिहा, ‘शिलाई व्यवसाय’ म्हणा, मंजूर होईल. ताई म्हणाल्या, खोटं लिहिणार नाही. मग आम्ही मागच्या दोन वर्षांची कर्जवही उघडली. बारसं, साखरपुडा, गौरी-गणपती, मोबाइल, नवऱ्याच्या गाडीचा हप्ता. यातल्या एकाही कर्जाला आपण उत्पन्न विचारलं नव्हतं, आणि नियमातही तसं नाही. नियमात एवढंच आहे की बचत नियमित हवी आणि फेड वेळेवर हवी. त्यांची बचत एक महिनाही चुकली नव्हती. ठराव झाला. महिना शेकडा दोन रुपये व्याज, तीनशे मुद्दलाचे दहा हप्ते. शिल्लक मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्यात साठ रुपये, शेवटच्या महिन्यात सहा, एकूण तीनशे तीस. फेड चालू आहे.

पुढचा प्रश्न, चित्रं विकत का नाही? हे आम्हीच त्यांना विचारलं होतं, कारण प्रदर्शनात स्टॉल लावायचा म्हटलं की आपल्या डोक्यात लोणचं, पापड, पणत्या आणि भेटकार्डं. एका पाहुण्यांनी घाटाच्या एका चित्राला पाचशे रुपये देऊ केले आणि ‘अशीच दहा करून द्या’ म्हणाले. ताईंनी ते एक चित्र दिलं, दहाची ऑर्डर घेतली नाही. म्हणाल्या, ‘ऑर्डर आली की त्याचं शिलाईकाम होतं. माप यांचं, तारीख यांची. माझ्याकडे दिवसाचे बावीस तास तसेच आहेत.’ आमच्यातल्या काहींना हे अजून पटलेलं नाही. ज्यांना कमवायचं आहे त्यांनी जरूर विकावीत, गट मदत करेल. पण ज्या बाईला विकायचं नाही तिच्या चित्राला रिकामा उद्योग म्हणू नये, एवढं आमचं म्हणणं आहे. घरातली पुरुषमंडळी पारावर पत्ते खेळतात, त्या पत्त्यांचं उत्पन्न कुणी विचारत नाही.

दोनच तास का, तर त्याला एक साधं कारण आहे. घाटावर बायकांसाठी स्वच्छ शौचालय मिळेलच असं नाही, आणि म्हणून पाणी न पिता बसणंही बरं नाही. घरून पाणी पिऊन निघायचं, सोबत बाटली ठेवायची आणि दोन तासांत परतायचं, हे जमतं. शिवाय नऊला सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ असते.

पावसाळ्यात काय करायचं हे पण विचारलंय. हवेत दमटपणा असतो, एक थर वाळायला अर्धा तास लागतो. अशा वेळी सायकल आणि पेन्सिल एवढंच घेऊन जावं, कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून. रंगांची नावं चित्राच्या कडेला लिहून आणायची आणि घरी पंख्याखाली भरायचे. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पुन्हा पेटी बांधायला हरकत नाही. गटाच्या कार्यालयात सध्या एक सायकल पडून आहे, जाळी आणि चेन-कव्हर दोन्ही शाबूत. हवा भरून ठेवली आहे. कुणाला शिकायची असेल तर बुधवारच्या सभेनंतर शाळेच्या मैदानावर या, एकीने मागून सीट धरायची आणि दुसरीने पायडल मारायचं, एवढीच तयारी लागते.