‘बून’ : एका अर्जाची वंशावळ

कोरड्या प्रदेशात कालव्याचे पाणी खेळू लागले, की इंग्रजी वृत्तपत्रकार त्याला शेतकऱ्यांना लाभलेले ‘बून’ म्हणतो आणि आपला उपसंपादक त्याचे ‘वरदान’ करून मोकळा होतो. परंतु आज केवळ लाभाचा वाचक झालेला हा शब्द जन्मतः याचकाचा आहे. प्राचीन नॉर्स भाषेत ‘बोन’ म्हणजे प्रार्थना, विनवणी. इ. स. 865 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेल्या डेन लोकांच्या महासेनेमागोमाग यॉर्क-लिंकनच्या मुलखात जी वस्ती झाली, तिच्या संसर्गाने ‘लॉ’, ‘विंडो’, ‘हजबंड’ असे नित्याचे शब्द इंग्रजीत शिरले, त्यांतच हाही एक. सॅक्सनांच्या पदरी याच कुळातला, याच अर्थाचा ‘बेन’ हा शब्द आधीपासून होताच.

या विनवणीचे पुढे जे झाले, ते मोठे उद्बोधक आहे. अकराव्या शतकातील, जहागिरीवरील हक्क-कर्तव्यांच्या एका दस्तऐवजात ‘गेबूर’ या वर्गाच्या कुळाने धन्यासाठी तीन एकर ‘बेन’ म्हणून नांगरून द्यावेत, असे कलम आढळते. म्हणजे नाव विनंतीचे आणि व्यवहार सक्तीचा! आठवड्याचे नेमलेले दिवस धन्याच्या शेतात राबून झाल्यावर, ऐन सुगीत, स्वतःचे पीक कापणीला आले असताना, पुन्हा धन्याच्या पिकावर विळा चालवायला जावे लागे, त्याला ‘बून-वर्क’ म्हणत. लॅटिन दप्तरात त्याची नोंद ‘प्रेकारिया’, अर्थात प्रार्थनेने मिळालेले काम, अशी होई, आणि ही प्रार्थना अमान्य करणाऱ्या रयतेला जमीनदाराच्या कचेरीत दंड भरावा लागे. आपल्याकडील वेठीने निदान विनंतीचा बुरखा तरी पांघरला नव्हता. मात्र त्या दिवशी धन्याने जेवू घालण्याचा रिवाज होता, आणि जेवणासोबत बिअरच्या जातीची ‘एल’ मिळणार की नुसते पाणी, यावरून कापणीच्या दिवसाला ‘एल-बेडरिप’ किंवा ‘वॉटर-बेडरिप’ अशी निरनिराळी नावे पडली होती. दुसऱ्या नावाच्या दिवशी विळा किती उत्साहाने चालत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कुळांची ती गुलामगिरी लयास गेली, तरी शब्दाला बिगारीची चटक राहिलीच. सार्वजनिक रस्त्यांच्या डागडुजीसाठी गावकऱ्यांनी वर्षाकाठी चार दिवस फुकट राबावे, असा कायदा 1555 मध्ये झाला, 1563 मध्ये त्या चाराचे सहा झाले, आणि लिंकनशायरच्या बोलीत रस्त्यांवरील अंमलदाराला चक्क ‘बून-मास्टर’ म्हणू लागले. ही सक्ती उठली ती 1835 मध्ये. ‘बून कम्पॅनियन’ मधला ‘बून’ मात्र निराळा, फ्रेंच ‘बों’ म्हणजे ‘चांगला’ यावरून आलेला. आपल्या शब्दाला शुभत्वाची आजची छटा देण्यात या नामसाधर्म्याचाही हात असावा.

विनंतीचा मूळ अर्थ इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातून ओसरत गेला असताना त्याला नवे आयुष्य मिळाले ते भारतात. किसरी मोहन गांगुली यांनी 1883 ते 1896 या काळात महाभारताचे इंग्रजी भाषांतर केले, त्यात देव आणि ऋषी ‘बून’ माग म्हणतात, आणि सावित्री यमापाशी एकामागून एक ‘बून’ मागून घेते. वास्तविक ‘वर’ हा ‘वृ’, म्हणजे निवडणे, या धातूपासून आलेला. त्यात वेचून घेणाऱ्याचा अधिकार आहे, तर ‘बून’मध्ये हात पसरणाऱ्याचे आर्जव. तरीही मागणे आणि मिळणे ही दोन्ही टोके एकाच शब्दात सांधणारा दुसरा इंग्रजी शब्द गांगुलींना सापडला नसता, आणि त्यांची निवड अचूक होती, असेच माझे मत आहे.