इंजिनाचा जोर, ॲक्सलचा कस

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पोरंटोरं धावतात ती थेट रणगाड्यांकडे. त्यांच्या गर्दीत एक चिलखती मोटार उभी आहे, तिच्यापाशी जरा थांबावं. चिलखताखालची चासी रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टची आहे. ही मुळात श्रीमंतांची, आवाज न करता धावणारी मोटार. पहिल्या महायुद्धात या गाड्यांवर पोलादी पत्रे चढले, वर मशीनगनचा फिरता मनोरा बसला आणि वजन पावणेपाच टनांच्या घरात गेलं. मग कारागिरांनी पाटे भक्कम केले आणि मागच्या ॲक्सलला जोडचाकं लावली. भार वाढला की मागच्या ॲक्सलचा कस वाढवावा लागतो, हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे.

आज तो पुन्हा सांगायचं कारण म्हणजे जुन्या जीपची हौस. विलीज किंवा महिंद्राची जुनी जीप घ्यायची, तिचं पेट्रोल इंजिन काढून दमदार डिझेल इंजिन चढवायचं आणि करंजीच्या घाटात नाहीतर अकोल्याच्या डोंगरवाटांवर काढायची, हे स्वप्न अनेकांचं असतं. सगळी चर्चा इंजिनाची होते. ॲक्सलकडे मात्र ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ अशाच नजरेने पाहिलं जातं. खरं तर इंजिनाची सगळी ताकद जमिनीपर्यंत पोचवायची ती ॲक्सलनेच.

अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. १९६४ साली पाँटिॲक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं इंजिन घालून ‘जीटीओ’ काढली आणि ‘मसल कार’चं युग आलं. अशा गाड्यांचे शौकीन इंजिन आणखी फुलवू लागले, तशी मागच्या ॲक्सलची दुबळी बाजू उघडी पडू लागली. त्यावर फोर्डचा ‘नाइन इंच’ ॲक्सल हा आवडता उतारा ठरला. १९५७ ते १९८६ या काळात फोर्डच्या अनेक गाड्यांत तो बसत असे. त्याच्या क्राऊन व्हीलचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास नऊ इंच, ते चक्र फिरवणाऱ्या पिनियनच्या टोकाला आधाराचं जादा बेअरिंग आणि आतला सगळा संच पुढच्या बाजूने एकसंध बाहेर निघतो. म्हणून आजही तिकडे जुन्या गाडीत ताकद घातली की मागे ‘नाइन इंच’ बसवतात.

हिशेब जोराचा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपचं इंजिन ६० अश्वशक्तीचं. त्याचा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, सुमारे १४२ न्यूटन-मीटर. पहिला गिअर हा जोर २.६६ पट वाढवतो, पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा लो गिअर १.९७ पट आणि ॲक्सलमधले क्राऊन-पिनियन ४.८८ पट. गुणाकार केला तर चाकांपाशी ३,६०० न्यूटन-मीटरहून जास्त जोर पोचतो. एवढा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये, याची काळजी मूळ रचनाकारांनी घेतली होती. पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय या जीपचा लो गिअर पडतच नाही.

आता याच जीपमध्ये २०१० सालच्या थारचं सीआरडीई इंजिन घातलं असं समजा. त्याचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर. गिअर तेच धरले तरी सगळ्या साखळीवरचा ताण पावणेदोन पट होतो. त्यात टायर मोठे घातले तर ॲक्सलवरचा पीळ आणखी वाढतो. ॲक्सल बहुधा सपाट रस्त्यावर तुटत नाही. चिखलात गरगर फिरणारं चाक अचानक दगडावर पकड घेतं, त्या एका झटक्यात शाफ्ट पिळवटतो किंवा पिनियनचा दात उडतो.

नुसता जाड शाफ्ट पुरत नाही

आपल्याकडे यावर जवळचा उपाय म्हणजे महिंद्राने अनेक दशकं बनवलेल्या सीजे-३बी जीपचा मागचा ॲक्सल, डाना ४४. त्याचं क्राऊन व्हील साडेआठ इंचांचं आहे आणि एमबीच्या मूळ ॲक्सलपेक्षा तो बराच दणकट आहे. पण बदलण्याआधी काही गोष्टी मोजून घ्यायलाच हव्यात.

पहिली गोष्ट दातांची. एमबीच्या क्राऊनला ३९ दात आणि पिनियनला ८, म्हणून प्रमाण ४.८८. सीजे-३बीचं ४३ ला ८, म्हणजे ५.३८. फरक दहा टक्क्यांचा. मसल कारला पुढचा ॲक्सल ओढायचा नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. फोर-व्हील जीपमध्ये पुढचं आणि मागचं प्रमाण वेगळं राहिलं, तर पुढचा ॲक्सल जोडल्यावर डांबरी रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि भुर्दंड ट्रान्स्फर केसला बसतो. मागचा ॲक्सल बदलला की पुढचाही त्याच प्रमाणाचा हवा. शिवाय एमबीचा स्पीडोमीटर ट्रान्स्फर केसवरून चालत असल्याने तो या बदलानंतर दहा टक्के जास्त वेग दाखवतो.

भंगार बाजारातून आणलेल्या ॲक्सलचं प्रमाण ओळखण्याची रीत सोपी आहे. ॲक्सल घोड्यांवर पक्का ठेवायचा. पिनियनच्या फ्लँजवर आणि हाऊसिंगवर समोरासमोर खडूची खूण करायची. एक ड्रम हलणार नाही असा धरून ठेवायचा आणि दुसरा हळूहळू बरोबर दोन फेरे फिरवायचा. तेवढ्यात फ्लँज पाच फेऱ्यांना थोडी कमी पडली तर ४.८८, पाच फेरे पुरे करून तिसरा हिस्सा पुढे गेली तर ५.३८. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे पुढे आठवड्याची मेहनत वाया जाऊ शकते.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलच्या जागेची. जुन्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसमधून शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून मागचा डिफरन्शियलही मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला असतो. भलत्याच गाडीचा मध्यावर गोळा असलेला ॲक्सल बसवला तर प्रॉपेलर शाफ्ट तिरका चालतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात आणि गाडी थरथरते. रुंदीचंही तसंच. ॲक्सल रुंद असेल तर टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो.

तिसरी गोष्ट पाट्यांच्या बैठकीची. बैठका नव्याने वेल्ड करायच्या असतील तर गाडीचं पूर्ण वजन चाकांवर असताना पिनियनचा कोन ठरवावा. ट्रान्स्फर केसचा शाफ्ट आणि पिनियन समांतर राहिले पाहिजेत. आधी टाके मारायचे, कोन पुन्हा तपासायचा, मग थोडं-थोडं, बाजू बदलत वेल्डिंग करायचं. एका दमात वेल्ड ओढलं तर उष्णतेने हाऊसिंगची नळी वाकते. क्राऊन-पिनियन उघडले असतील तर शिम लावून त्यांच्यातली फट मॅन्युअलप्रमाणे बसवावी. हा हिशेब मिलिमीटरच्या दशांशांत चालतो, तिथे हाताच्या अंदाजावर विसंबू नये.

चौथी गोष्ट जिवाशी निगडित आहे. एमबीचा मूळ मागचा ॲक्सल ‘फुल फ्लोटिंग’ आहे. गाडीचं वजन हाऊसिंग पेलतं, आतला शाफ्ट फक्त पिळाचा जोर वाहतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. सीजे-३बीचा डाना ४४ ‘सेमी फ्लोटिंग’ आहे. त्यात चाक शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीच्या आधाराने बसतं आणि वजनही शाफ्टच पेलतो. शाफ्ट तुटला तर चाक निघून येऊ शकतं. म्हणजे जास्त दणकट ॲक्सल घेतानाही एक जुनं संरक्षण आपण सोडतो. म्हणून बसवण्यापूर्वी शाफ्टचं टोक, चावीची खाच आणि हब यांना तडा आहे का, हे भिंग लावून पाहावं. हबचं नट कसण्यात हयगय नको.

ब्रेकचा विचार याच्याच जोडीने व्हावा. नव्या ॲक्सलबरोबर ड्रम आणि व्हील सिलिंडर वेगळे आले की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बदलतो. जुन्या जीपचा हँडब्रेक तर ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. प्रॉपेलर शाफ्ट किंवा ॲक्सल तुटला की हँडब्रेकही गेला. घाटात उभ्या असलेल्या गाडीखाली दगड लावण्याची आपली सवय त्यामुळे शहाणपणाचीच आहे.

कायदा आणि वारसा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. तेव्हा गाडी एमएच-१६ ची असो वा एमएच-१७ ची, कटर चालवण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी, विमा कंपनीलाही कळवावं. वाहनांच्या चाचण्या करणारी व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था आपल्याच जिल्ह्यात आहे. गाडीचा प्रत्येक भाग इतर भागांच्या साथीने पारखून घ्यायचा असतो, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको.

आणि महायुद्धातली अस्सल जीप हाती असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. तिला मोठं इंजिन घालूच नका. तिचा मूळ ॲक्सल तिच्या मूळ इंजिनासाठी पुरेसा आहे. हौस भागवायची तर महिंद्राची नंतरची गाडी घ्या, आणि तिथेही आधी ॲक्सल आणि ब्रेक, मग इंजिन असाच क्रम ठेवा. काढलेला मूळ ॲक्सल भंगारात देऊ नका. नव्वद नंबरचं तेल भरून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी ठेवा. पुढे कुणाला ती गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर तो ॲक्सल त्याच्या हाती लागला पाहिजे.